पाव पडलेल्या विहिरीचे पाणी

मुंबईच्या एका साहेबाला एक दगड हवा होता. दगड उचलून नेता येत नव्हता, म्हणून त्याची तसबीर हवी होती. फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीज लोकांनी, साष्टीत जागोजाग जे क्रूस आणि जी अक्षरे कोरून ठेवली ती गोळा करण्याचा या साहेबाला छंद आहे. त्याने कल्याणला माझ्या वडिलांना लिहिले. बाबांचे फोटोग्राफचे दुकान आहे, पण त्या वेळी त्यांना कावीळ झाली होती आणि त्यांच्या डोळ्यांना सगळे जग पिवळे दिसते असे ते म्हणत. तेव्हा मी गेले.

ज्या भगिनींना असा प्रवास करावासा वाटतो त्यांच्या मनात पहिला प्रश्न हा येईल की बाईमाणसाला हे काम कसे येते. मी मुंबईत एका मडमेच्या हाताखाली दोन वर्षे शिकले. पडद्यातल्या बायकांच्या तसबिरी काढायला बाईच लागते, एवढेच त्यामागचे कारण. यात सुधारणा वगैरे काही नाही. पण तोवर मी दिवाणखान्यांतच काम केले होते. उघड्यावर, खाडीच्या काठी, आपल्या जोखमीवर केलेले हे पहिलेच. ज्यांच्यावर तसबीर उतरते त्या काचा विलायतेहून येतात; त्या फुकट गेल्या तर बाबा मला पुन्हा बाहेर पाठवणार नाहीत, हे मला माहीत होते.

सोबतीला आत्या. तिला कोणी विचारले नव्हते. तिने फराळाचा डबा भरायला घेतला तेव्हा ती येणार असे आम्हाला कळले. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न झाले त्याच वर्षी विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्याकडे आहे. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर, आणि सोवळे असे कडक की तिच्या पाण्याच्या तांब्याला मी हात लावला तर ती तो राख लावून घासते. तो तांब्या, फिरकीच्या झाकणाचा, तिने बरोबर घेतला. वाटेत दुसऱ्या कुणाचे पाणी चालणार नव्हते.

कल्याणच्या बंदरावरून भल्या पहाटे ओहोटी धरून निघावे. मचवा कितीही चांगला असला तरी भरतीच्या तोंडावर निघालात तर वल्हवणारे दमतात आणि तुम्हाला त्यांच्या तोंडच्या शिव्या ऐकाव्या लागतात. भाडे चढण्याआधी ठरवावे. छत्री, जुने लुगडे आणि पायांत काही नसणे उत्तम, कारण उतरताना चिखल घोट्याच्या वर येतो. खाडीच्या पाण्याला वास असतो. तासाभरात तो येईनासा होतो.

मचव्यात आमच्याआधीच एक गृहस्थ बसले होते. शहाडचे एक बडे आगरी शेतकरी. डोक्याला जरीची पगडी, बोटांत अंगठ्या. त्यांच्या भाच्याचे लग्न दोन दिवसांवर आले होते, म्हणून सगळे त्यांना मामाच म्हणत होते. मीही तेच म्हणते. आत्याचे आलवण पाहताच ते उठले, आपली सतरंजी तिच्यासाठी मोकळी केली आणि स्वतः टोकाला जाऊन बसले. ती त्यांना आईसाहेब झाली. कल्याणच्या एका भटजींकडून आपण अलीकडे धर्म समजून घेतो, असे त्यांनी आत्याला सांगितले. आत्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटले. आमच्या घरी त्या भटजींविषयी काय बोलले जाते ते मला माहीत असल्याने मी पाण्याकडे पाहिले.

डोंबिवलीच्या बाजूला कोपरच्या धक्क्याशी मचवा थांबला. दोन्ही बाजूंना मिठागरे, पांढरे ढीग, डोळे दुखतील असा उजेड. असल्या उजेडात भिंगावरचे झाकण काढून लगेच लावावे लागते. तिथे धर्मा पाटील चढले. हे त्याच लग्नातल्या मुलीचे वडील. मिठागरात जन्म गेलेला माणूस, पायांच्या टाचा भेगाळलेल्या, आवाज मऊ. त्यांच्या हातात घासून लखलखीत केलेली पितळेची कळशी होती, एक मिठाची पुरचुंडी आणि तेलाची बाटली.

कळशी पाहिली आणि मामांनी तोंड दुसरीकडे फिरवले. प्रवासातली खरी गोष्ट इथे सुरू झाली, आणि ती मला तुकड्यातुकड्यांनी कळली ती अशी.

फिरंगी साष्टीत आले तेव्हा पाटलांचे पूर्वज खाडीपलीकडे कोलशेतच्या अलीकडच्या एका वाडीत राहत होते. दोघे भाऊ. गावच्या देवीचे देऊळ पाडणार अशी कुणकुण लागताच थोरल्याने देवी होडीत घातली आणि रात्रीच्या पाण्याने कोपरच्या काठाला लागला. धाकटा शेतासाठी मागे राहिला. सकाळी पाद्र्याने विहिरीत पाव टाकला. ते पाणी वाडी प्यायली आणि बाटली. धाकट्याचे वंशज आजही त्याच वाडीत आहेत, ख्रिस्ती. इथवर अशी गोष्ट खाडीकाठच्या प्रत्येक गावात ऐकायला मिळते. निराळे आहे ते पुढचे. कोपरच्या घरात मुलीचे लग्न निघाले की हळदीच्या अंघोळीचे पाणी त्याच जुन्या विहिरीतून आणायचे, आणि ते धाकट्या घरच्या सुनेनेच शेंदून द्यायचे. त्याबदल्यात कोपरचे मीठ द्यायचे आणि देवीच्या दिव्यातले तेल. ते तेल ख्रिस्ती घरात क्रुसापुढच्या दिव्यात जाते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले आहे, आणि दोन्हीकडच्या देवांनी कधी तक्रार केल्याचे कुणाला आठवत नाही.

या वर्षी तक्रार माणसांनी केली. मामांना त्यांच्या भटजींनी सांगितले की पाव पडलेल्या पाण्याने न्हालेली मुलगी सून म्हणून चालायची नाही. ते पाणी आणले तर लग्न मोडले. मामा मचव्यात होते ते त्यासाठी: कळशी रिकामी परत जाते हे आपल्या डोळ्यांनी पाहायला.

"आमचे घरात त्या पान्याबगर हलद लागली नाय कधी," धर्मा पाटील म्हणाले. "पोर बोलते, मांडवात बसनार नाय."

मामा म्हणाले, "मग नको बसू दे."

आत्याने मुलीचे वय विचारले. मग मुलगा तिला पसंत आहे का ते विचारले. असे कोणी विचारते याचेच धर्मा पाटलांना नवल वाटले असावे. शहाडच्या जत्रेत तिने त्याला पाहिला होता, आणि तेव्हापासून घरात भांड्यांचा आवाज कमी झाला, असे त्यांनी सांगितले.  आत्याने तांब्या उघडून, तोंडाला न लावता, वरून एक घोट घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट फिरवले.

पारसिकच्या डोंगराखालून जाताना सावली मिळते. डबा तिथेच उघडावा. पुढे ऊन आहे. दशम्या आणि कैरीचे लोणचे टिकते, दही नेऊ नये. जेवताना मी मामांना सरळ हिशेब सांगितला. पाण्यात पाव दोन दिवसांत विरघळतो. ती विहीर दर वैशाखात उपसून गाळ काढतात, हे पाटलांनीच सांगितले होते. म्हणजे पाव पडलेले पाणी फिरंग्यांच्याच वेळी समुद्राला मिळाले. मामांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "बाय, तुझं शिक्षण मोठं हाय. पन बाट काय गाळाबरोबर उपसत नाय." मी डब्याचे झाकण लावले. 

या फिरंग्यांविषयी मी लहानपणी पुष्कळ ऐकले होते, आणि जितके ऐकले तितके कमी समजले. ते आफ्रिकेला वळसा घालून आले ते मिऱ्यांसाठी. ठाण्यात मिरी पिकत नाहीत. मग आलोच आहोत तर म्हणून त्यांनी आत्मे वाचवायला घेतले. त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या मुलखाच्या शेजारी, पोपाचे ऐकावे की ऐकू नये यावरून ख्रिस्ती माणसे ख्रिस्ती माणसांना जाळत होती. घरचा प्रश्न सुटला नव्हता, तो त्यांनी जहाजात घालून इकडे आणला. आपले लोकही कमी नव्हते. समुद्र ओलांडला की बाटतो म्हणून आपण घरी बसलो, आणि बाटण्याची सोय घरपोच झाली.

वाडीच्या धक्क्याला ऊन चढल्यावर लागलो. माझी पेटी डोक्यावर घ्यायला एक गडी मिळाला. त्याने आत काय आहे विचारले, काचा म्हटल्यावर त्याने मजुरी वाढवून मागितली, आणि ते योग्यच होते. विहीर एका मोठ्या चिंचेखाली आहे. शेजारी पडक्या देवळीची एक भिंत, आणि विहिरीच्या कठड्यात बसवलेला साहेबाचा दगड. क्रूस स्वच्छ दिसतो. खालची अक्षरे खाऱ्या वाऱ्याने खाल्ली आहेत. दोन ओळींतली मिळून पाचसहा उरली आहेत. एवढ्यासाठी साहेबाने पत्र पाठवले होते. पाणी मात्र गोड. खाडी हाकेच्या अंतरावर असून गोड, हे त्या वाडीचे खरे वैभव.

विहिरीला दोर नव्हता, पोहरा नव्हता. ते रोजाबाईंच्या घरात होते.

रोजाबाई म्हणजे धाकट्या घरची सून. चाळिशीची, लाल चौकडीचे लुगडे गुडघ्याच्या जरा खाली, कानांत जड सोने. नवरा मासेमारीला गेलेला. धर्मा पाटलांना पाहून ती हसली नाही. "भावजी, आलाव," एवढेच म्हणाली आणि त्यांच्या कळशीकडे पाहत राहिली. तिच्याकडेही निरोप आला होता. नवा पाद्री गोव्याहून शिकून आला आहे. देवीचे तेल क्रुसाला चालणार नाही आणि विहिरीचे पाणी मूर्तिपूजेच्या लग्नाला द्यायचे नाही, असे त्याने रविवारी सगळ्यांसमोर सांगितले, आणि दोर-पोहरा घरात ठेवायचे काम तिच्यावर टाकले. ऐकले नाही तर मुलाचे नाव पाद्र्याच्या शाळेतून जाईल, अशी तिला भीती होती.

म्हणजे कल्याणचे भटजी आणि गोव्याचा पाद्री, ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, त्यांचे पहिल्यांदा एकमत झाले होते, आणि ते एका पोरीच्या अंघोळीवर.

मामा खूश होते. त्यांनी मुद्दाम विचारले, पाव पडला होता तो याच विहिरीत ना.

रोजाबाई त्यांच्याकडे वळली. "कोनी टाकला पाव? भुकेचा साल व्हता तवा. आमचे पूर्वजान हातात घेतला न खाल्ला. पान्यात टाकून फुगवायला पादरी येडा व्हता का?"

मामांनी कानावर हात ठेवला. धर्मा पाटील चिंचेच्या मुळावर बसले आणि कळशी मांडीवर घेतली.  एका मुलीचे लग्न मोडायचे की घरची रीत, हे ठरवायला त्यांना मचव्याची भरती सुरू होईपर्यंत वेळ होता.

मी माझ्या कामाला लागले. तिथे उभी राहून मी कुणाच्या उपयोगाची नव्हते. तिपाई लावली, काळ्या कापडाखाली डोके घातले. चिंचेखाली उजेड हिरवा आणि कमी. अक्षरे तर अगदी उथळ. भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागले, म्हणजे झाकण काढून सावकाश आठदहा मोजेपर्यंत समोर काही हलता कामा नये. साहेबाने तर स्पष्ट लिहिले होते की चित्रात माणसे नकोत. मी काच चढवली, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितले आणि झाकण काढले.

मोजायला सुरुवात केली तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला आणि मी झाकण परत लावले.

"रोजाबाई, मला तहान लागली आहे."

 रोजाबाईने आत्याच्या आलवणाकडे पाहिले, मग मामांकडे.

"आईसाहेब, तुमचा तांब्या," मामा म्हणाले.

"संपला," आत्या म्हणाली. मग रोजाबाईला: "तुमच्या पाद्र्याने लग्नाला पाणी द्यायचे नाही म्हटले ना. तहानलेल्याला द्यायचे नाही असे म्हटले का?"

"नाय," रोजाबाई म्हणाली. "तसा नाय बोलला. तसा त्याला बोलताच येनार नाय." आणि ती घरात गेली, दोर-पोहरा घेऊन आली, आणि विहिरीला लावला.

दोघीही थेट माझ्या भिंगासमोर होत्या. रोजाबाईने पोहरा शेंदून वर उचलला, आत्या वाकली आणि तिने ओंजळ केली. काच गेलीच होती; मी झाकण पुन्हा काढले आणि मोजू लागले. पाण्याची धार आत्याच्या ओंजळीत पडली. ती प्यायली. घाईने नाही. दुसरी ओंजळ घेतली. मग पदराने तोंड पुसून, कुठल्याही भटजींची आठवण नसलेल्या चेहऱ्याने, मामांना म्हणाली, "गोड आहे. तुम्ही घ्या ना थोडे."

मामांनी दोनदा तोंड उघडले. सकाळपासून आपण जिला सतरंजी दिली, जिच्या सोवळ्याचा आदर केला, तिला बाटलेली म्हणणे त्यांना शक्य नव्हते. आणि तिला बाटलेली म्हणायचे नसेल तर पाण्याला काय म्हणणार. त्यांनी खाडीकडे पाहिले. मग धर्मा पाटलांना, जरा रागानेच, म्हणाले, "कलशी भरा. पानी उतरलं, भरती सुरू व्हते आता. का मचवा चिखलात रुतवायचाय?"

रोजाबाईने कळशी भरली. मीठ आणि तेल तिने घेतले. बाटली पदराखाली गेली. तेल कोणत्या दिव्यात घालणार ते कोणी विचारले नाही. शाळेची भीती तिच्या चेहऱ्यावरून गेली नव्हती. "तहानलेली बामनीन आली व्हती, असा सांगेन," ती म्हणाली. "खोटा काय हाय त्यात?"

दगडाची तसबीर मी दुसऱ्या काचेवर काढली. समोर कोणी नव्हते. चांगली आली.

मचवा कळशी घेऊन भरतीबरोबर कोपरकडे गेला, आणि आम्ही बैलगाडीने ठाण्याला. रस्ता खडबडीत आहे. काचा मांडीवर घ्याव्या, गाडीच्या तळाशी ठेवू नयेत. वाटेत मी आत्याच्या सामानातला तांब्या सरळ करायला उचलला. तो जड होता. निम्मा तरी भरलेला. मी तो जागेवर ठेवला. आत्या झोपली होती, किंवा तिने डोळे मिटले होते.

ठाण्यात तळ्याजवळ आमच्या नात्यातल्यांकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरंग्यांनी बांधायला घेतलेला किल्ला बाहेरून पाहिला. आत आता तुरुंग आहे, त्यामुळे आत जायची घाई कोणी करू नये. तळ्याजवळच्या चर्चपुढे आत्या जरा उभी राहिली. आतून बायकांचे गाणे ऐकू येत होते, मराठीतले. तिने ऐकले आणि एवढेच म्हटले की आरती जरा लांबली आहे. मग आम्ही आगगाडीने कल्याणला आलो. तिसऱ्या वर्गाचा बायकांचा डबा बरा असतो, फक्त खिडकीजवळ बसल्यास डोळ्यांत कोळसा जातो.

धर्मा पाटलांचे लग्नाचे बोलावणे आले. विधवेला हळदीच्या घरी बोलावत नाहीत. त्यांनी आत्याचे नाव घेऊन बोलावले. ती गेली नाही. मुलीसाठी हिरव्या बांगड्या पाठवल्या, आणि लग्नानंतर कोपरहून मिठाचे एक पोते आले. रोजाबाईचा मुलगा अजून शाळेत जातो, असे ते आणणाऱ्याने सांगितले. मामा कल्याणला येतात, पण ते कोणाजवळ काही बोलले नाहीत. बोलले तर भाच्याची बायकोच विटाळते. तेव्हा त्या दुपारचा पुरावा म्हणजे माझी एक काच.

ती मी तांबड्या दिव्याखाली धुतली. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या काचांना लाल रंग दिसत नाही. लाल वस्तू कागदावर काळी उतरते. रोजाबाई पोहरा धरून खांबासारखी उभी होती, तिचा चेहरा, कानांतले सोने, सगळे स्पष्ट. पाण्याची धार पांढऱ्या सुतासारखी. आणि समोर वाकलेली एक बाई, डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या वस्त्रात, हुबेहूब ख्रिस्ती मठातल्या जोगिणीसारखी. तिचे खांदे स्थिर, ओंजळ स्थिर. चेहरा तेवढा नाही. तिथे नुसता धुरकट डाग.

बाबांनी कागदावर उतरवलेली तसबीर उजेडात धरली. लाल काळे होते हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग दारात बसून तांदूळ निवडणाऱ्या बहिणीकडे पाहिले.

"ही जोगीण मान हलवत बसली नसती," ते म्हणाले, "तर चांगली तसबीर होती."

"इतकी वर्षे फोटोग्राफरच्या घरात राहिलेल्या जोगिणीला," आत्या खडा बाजूला टाकत म्हणाली, "हलले की तोंड जाते एवढे कळत असेल."

बाबांनी तसबीर माझ्या हातात दिली. पुढच्या महिन्यात भिवंडीच्या एका मशिदीचे काम आहे, तिथे तूच जा म्हणाले.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी आत्याला वाचून दाखवला. वाडीचे नाव गाळले आहे, माझेही गाळले आहे. ज्यांना प्रायश्चित्त सांगायची हौस असेल त्यांनी आधी त्या डागातून चेहरा ओळखून दाखवावा. आत्याने शेवटपर्यंत ऐकले. भटजींविषयीचे वाक्य राहू दे म्हणाली. एकच दुरुस्ती सांगितली, ती मी मजकुरात न करता इथे देते.

"तांब्या निम्मा नव्हता," ती म्हणाली. "पाऊण होता."